मोहोळांचा मान

हनुमंतअण्णा फोनवर बोलायला लागले की समोरच्याला वाटायचं, लाइन कट झाली. "हां", "बरं", "बघू" आणि "ठेवतो" एवढ्या चार शब्दांवर त्यांनी साठ वर्षं काढली होती. भाताची लावणी, म्हशीची खरेदी, भावकीतली भांडणं, सगळं तेवढ्यात उरकायचं. त्यांची बायको लिलाबाई म्हणायची, "मला बघायला आलं तवा इचारलं, पोरगी पसंत हाय का? तर ह्यांनी मान हलवली. म्या म्हणलं, मुका हाय का काय."

अशा माणसाची लेक दीपाली मात्र हिंजवडीच्या कंपनीत दिवसभर हेडफोन लावून बोलायची. बोलता बोलताच तिचं तिथल्या पियूषशी जमलं. पियूषचे वडील कैलासराव मूळचे लातूरकडच्या औशाचे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, वीस वर्षं पुण्याजवळ सूसला फ्लॅटमध्ये राहत होते. माणूस अघळपघळ, मनमोकळा. "जेवलात का" एवढं विचारायला त्यांना दहा मिनिटं लागायची.

लग्न उंबरवाडीतच करायचं ठरलं. ताम्हिणीच्या अलीकडे, रस्त्यापासून आत, मोजून चाळीस घरांची वाडी. दीपालीला बाकी कसली चिंता नव्हती, बापाची होती. ती म्हणाली, "अण्णा, व्याह्यांशी फोनवर दोन वाक्यं तरी बोलत जा. आणि जरा शुद्ध बोला. हाय, न्हाई असलं नको." बिचारीने चांगल्या मनाने सांगितलं. पुढचं सगळं रामायण त्या एका सूचनेतून घडलं.

उंबरवाडीच्या वेशीवर मारुतीचं देऊळ आहे. नवरदेवाने आधी मारुतीच्या पाया पडायचं आणि तिथून त्याची मिरवणूक, म्हणजे परण्या, वाजतगाजत मांडवाकडे निघायचा, हा रिवाज. आता देवळापासून चाळीस पावलांवर, ऐन वाटेच्या वळणावर, एक जुनी सावर उभी आहे. सरळसोट, दोन माणसांच्या कवेत न मावणारी. दर दिवाळीनंतर आग्या माश्या तिच्यावर येऊन पोळी बांधतात आणि पावसाच्या तोंडाला निघून जातात. त्या वर्षी नऊ पोळी होती. खालून पाहिलं तर फांद्यांना नऊ काळी सुपं टांगल्यासारखी दिसायची.

वाडीला त्यांचं काही वाटत नसे. माणसं खालून गुमान जात, माश्या वर गुमान राहत. पण लग्नाच्या आठ दिवस आधी कातकरवाडीतला मंगळ्या अण्णांच्या ओट्यावर येऊन बसला. मधाच्या कामात मंगळ्याचे केस पांढरे झालेले. माशी कोणत्या मनःस्थितीत आहे हे तो जसं ओळखायचा, तसं बायकोचं ओळखता आलं असतं तर त्याचा संसार बरा झाला असता, असं वाडीत म्हणत.

"अण्णा, सावरीवरली म्हवाळं चिडल्यात," तो म्हणाला. "मोठी घार आलती. दोन पोळ्यांचा लचका तोडून ग्येली. त्यात तुमच्या पोरीचं ते फोटूवालं. इमान उडवलं सावरीपाशी."

इमान म्हणजे ड्रोन. दीपाली आणि पियूष लग्नाआधीचे फोटो काढायला आले होते, तेव्हा फोटोवाल्याने ते सावरीच्या शेंड्याजवळून गरगर फिरवलं होतं. माश्या उठल्या तेव्हा फोटोवाला, दीपाली आणि पियूष गाडीत बसून काचा वर करून तासभर गप्प राहिले. तेवढं शहाणपण त्यांना होतं म्हणून वाचले.

"काडून टाक की मग," लिलाबाई आतून म्हणाली.

"आत्ता? आत पोरं हायती त्यांची. पोरांपायीच चिडत्यात. आत्ता हात लावला तर परण्या ऱ्हाऊ द्या, हितनं म्हस सुदिक न्हेता यायची न्हाई." मंगळ्याने चहा बशीत ओतला. "त्यास्नी काय नगं हाय, त्येवडं करू नका. आवाज नगं. ढोल तर नगंच, ढोलाचा दणका फांदीला कळतुया. धूर नगं, अत्तर नगं. आन माणसाला आदी सांगत्यात त्या. पोळ्यावर लाट उठती, सळसळ अशी. मंग येकदोगी खाली येत्यात, डोस्क्याला धडकून जात्यात. डसत न्हाईत. म्हणत्यात, जा बाबा. त्येवड्यात माणसानं मागं सरावं. पर माणूस हात झाडतुया."

अण्णांनी ऐकून घेतलं. त्या वाटेने अडीचशे माणूस येणार होतं. त्यात म्हातारीकोतारी, कडेवरची पोरं, आणि पुढे बँड. एक पोळं उठलं तर बाकीची आठ मागे राहणार नव्हती. मुलीच्या लग्नात कुणाचा जीव गेला तर ती आयुष्यभर कोणत्या तोंडाने सासरी नांदणार, हा विचार त्यांना भात गिळू देईना.

त्याच संध्याकाळी त्यांनी कैलासरावांना फोन लावला. आधी मनात वाक्यं जुळवली, शुद्ध केली. रोजच्यासारखं 'म्हवाळ' म्हणायचं नाही, 'मोहोळ' म्हणायचं, हे दोनदा घोकलं.

"नमस्कार. मारुतीपासून पुढे वाटेत मोहोळ आहेत," ते म्हणाले. "नऊ. तापट आहेत. त्यांच्यासमोर वाजवू नका. ठेवतो."

एवढं लांब भाषण त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं. फोन ठेवून त्यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

तिकडे सूसला काय झालं ते अण्णांना नंतर कळलं, पण आपण आत्ताच ऐकून ठेवू. मोहोळ हे मुळशीतलं मोठं आडनाव. दुकानाच्या पाट्यांवर, सोसायटीच्या नामफलकांवर, अभिनंदनाच्या फ्लेक्सवर कैलासराव वीस वर्षं ते वाचत आले होते. अण्णा 'मोहोळं' म्हणाले असते तरी निभावलं असतं. पण शुद्ध बोलायच्या नादात शेवटचा अनुस्वार त्यांनी गिळला, आणि कैलासरावांच्या डोळ्यांपुढे फेटे बांधलेले, मिशा पिळलेले नऊ सख्खे भाऊ उभे राहिले. उंबरवाडीत त्या आडनावाचं एकही घर नाही, हे त्यांना कोण सांगणार?

"वाजवू नका म्हणतात?" त्यांच्या पत्नी आशालताबाई म्हणाल्या. "म्हणजे आमंत्रण गेलेलं नाही. रुसलेत ते. अण्णा साधे, त्यांच्या लक्षात आलं नसेल. आपण मोठेपणा घेऊ."

कैलासरावांना ते पटलं. त्यांच्या बहिणीच्या लग्नात एका चुलत्याला फेटा बांधायला उशीर झाला, तर तो पंगतीतून उठून औशापर्यंत चालत गेला होता. मान हा विषय त्यांना चांगला ठाऊक होता. त्यांनी नऊ फेटे आणले, नऊ नारळ आणले आणि बँडमास्तर गेणबाला सांगून ठेवलं, "मोहोळांसमोर थांबायचं. मानाचं म्हणून दहा मिनिटं वाजवायचं, अगदी जीव तोडून. त्यांचा राग गेला पाहिजे."

लग्नाच्या दिवशी साडेदहाला दोन बस आणि बारा-पंधरा गाड्या मारुतीपाशी लागल्या. एप्रिलचं ऊन चटचट लागत होतं. अण्णा हळदकुंकवाचं ताट घेतलेल्या बायकांसह सामोरे गेले. मंगळ्याही धुतलेला सदरा घालून मागे उभा होता. कैलासरावांनी अण्णांना मिठी मारली. पियूष मारुतीच्या पाया पडायला गेला. काळी शेरवानी, अंगाला अत्तराचा असा घमघमाट की देवळातला पुजारी शिंकला.

"ते मोहोळ कुठे आहेत?" कैलासरावांनी हळूच विचारलं.

"वर आहेत," अण्णा म्हणाले. व्याह्यांनी एवढं लक्षात ठेवलं याचं त्यांना बरं वाटलं.

कैलासरावांनी टेकडीकडे पाहिलं. वर एक बंगला होता, कुणा पुण्यातल्या डॉक्टरचा. "सगळे नऊ?"

"नऊच्या नऊ. बसलेत."

"खाली येतील ना?"

अण्णा दचकले. "आले तर वाट लागेल."

"तेच म्हणतो. म्हणून त्यांच्यासमोर थांबून वाजवायला सांगितलंय. फेटे आणलेत नऊ." कैलासरावांनी पिशवीचं तोंड उघडून दाखवलं. आत केशरी फेट्यांची चळत होती. "एकदा मान दिला की माणूस निवळतो हो."

अण्णांना क्षणभर काही उमगेना. पाहुणे आहेत, माश्यांना फेटे बांधायचे म्हणतात, उन्हाने काही झालं असेल का, असंही त्यांच्या मनात आलं. मग त्यांनी वळणाकडे पाहिलं. ऊन चुकवायला गेणबाचा अख्खा बँड सावरीच्या सावलीत जाऊन उभा होता. मोठ्या ढोलवाल्याने कातडं ताणलं, कान लावला, आणि आवाज कसा येतो हे बघायला एक टोला हाणला.

वरच्या पोळ्यावर वरून खालपर्यंत एक लाट सळसळत गेली. शेजारच्या पोळ्यावर दुसरी गेली.

अण्णा धावले नाहीत. मंगळ्याचं ऐकलेलं होतं, तंगड्या टाकत ते जमेल तेवढ्या झपाझप गेले. ढोलवाल्याने दुसरा टोला उगारला तेव्हा त्यांनी दोन्ही तळवे ढोलावर ठेवले आणि वरून छाती टेकली. टोला त्यांच्या मनगटावर बसला. ढोलवाला बघतच राहिला. नवरीचा बाप ढोलाला मिठी मारून उभा आहे, हे दृश्य त्याच्या धंद्यात त्याने पाहिलेलं नव्हतं.

"वर बघ," अण्णा कुजबुजले. "आन वाजवू नगंस. हळूहळू मागं चल."

गेणबाने वर पाहिलं. क्लॅरिनेट काखेत दाबून त्याने बाकीच्यांना मागे व्हायची खूण केली. बँड एकेक पाऊल मागे सरकू लागला. एक माशी आली, अण्णांच्या टोपीला धडकून गेली. दुसरी आली ती धडकली नाही, कानाच्या पाळीला डसली. डोळ्यांत पाणी आलं. हात आपोआप वर निघाला होता, तो त्यांनी कमरेच्या धोतरात खोचला आणि चालत राहिले.

देवळाच्या मागे मंगळ्याने त्यांना धरलं. नखाने आडवं खरवडून नांगी काढली. "चिमटीत धरली का समदं इख आत पिळतंया," तो म्हणाला, आणि तांब्याभर पाण्याने कान चोळून धुतला. "वास गेला पायजे. पिकल्या केळ्यागत वास सुटतुया डसल्या जागंला. त्येच्यावर बाकीच्या येत्यात." तेवढ्यात त्याचं लक्ष वरपक्षातल्या बायकांकडे गेलं. मारुतीचा प्रसाद म्हणून त्या केळी सोलून वाटत होत्या. मंगळ्याने कपाळाला हात लावला आणि सगळी केळी सालींसकट गाभाऱ्यात नेऊन दार लावून घेतलं.

इकडे गर्दीत कुजबुज सुरू झाली होती. नवरीच्या बापाने वाजंत्री अडवली एवढंच लोकांना दिसलं होतं. कैलासरावांचा चेहरा उतरला. "अण्णा," ते म्हणाले, "वाजवल्याशिवाय परण्या निघालेला आमच्या घराण्यात कुणी पाहिलेला नाही. मोहोळांचा एवढा काय धाक आहे?"

आता बोलणं भाग होतं. चार शब्दांत भागणारं हे काम नव्हतं. अण्णा पारावर चढले. ओरडता येत नव्हतं, म्हणून त्यांनी पुढच्या रांगेला जवळ बोलावलं आणि ते सांगतील ते मागे पोचवायला सांगितलं. शुद्ध भाषा कुठल्या कुठे गेली.

"मी हनुमंत, पोरीचा बाप," ते म्हणाले. "चूक माजी हाय. मला बोलता येत न्हाई. मोहोळ म्हंजी माणसं न्हाईत. म्हवाळं हायेत, आग्या माश्या. त्या सावरीवर नऊ हायेत. वर बगा, पर बोट दावू नका. त्यांची पोरं हायती तितं, म्हणून त्या राकण करत्यात. आपुन त्यांच्या दारातनं जाणार, तर गप जायाचं. बोलायचं न्हाई, मोबाइल बंद, पोरं पदराखाली. अत्तर लावलंय त्येंनी नळावर धुवून घ्या. काळं कापड आसंल त्येच्यावर पांढरं कायतरी पांघरा. एकांदी माशी धडकली तर हात झाडू नका, चालत ऱ्हावा. आन उठल्याच, तर त्वांड झाकायचं आन सरळ पळायचं, घरात न्हाईतर गाडीत घुसून दार लावायचं. पाठीमागं बगायचं न्हाई. बास. मला माज्या पोरीच्या लग्नाला आलेलं समदं माणूस सुकरूप घरी गेलेलं पायजे."

बोलणं रांगेरांगेने मागे गेलं. बसजवळच्या शेवटच्या म्हातारीपर्यंत पोचलं तेव्हा कैलासरावांना एकदम हसू फुटलं. त्यांनी ते फेट्यात तोंड खुपसून दाबलं.

"आग्यामव्हळ!" ते पुटपुटले. "अहो अण्णा, मव्हळ म्हणायचं ना. औशाला लहानपणी याच्यापायी आम्ही विहिरीत उड्या मारल्यात."

"पाण्यात उडी मारायची न्हाई," मंगळ्या म्हणाला. "डोस्कं वर काढस्तवर वर थांबत्यात त्या."

"वाजंत्रीचं काय मग?" अण्णांनी विचारलं. लग्न याच जागी मोडू शकतं, हे त्यांना कळत होतं.

कैलासरावांनी सावरीकडे पाहिलं, मग अण्णांच्या सुजून भज्याएवढ्या झालेल्या कानाकडे. "तुमचा कान वाजलाय तेवढा बास," ते म्हणाले. "चला."

असा परण्या उंबरवाडीने कधी पाहिला नव्हता. पुढे पियूष, तोंड-मान धुतलेला, शेरवानीवर लिलाबाईचं पांढरं लुगडं पांघरलेला. मागे आशालताबाई, हातातल्या बांगड्या पदरात गुंडाळून. ज्या आत्या आणि मावश्या बसमध्ये सूसपासून एक क्षण गप्प बसल्या नव्हत्या, त्यांनी ओठ आत ओढून घेतले होते. बँडवाल्यांनी आपापली वाद्यं झोपलेल्या लेकरासारखी छातीशी धरली होती. अडीचशे माणसांच्या वहाणांचा तेवढा आवाज. सावरीखाली आल्यावर एकाला शिंक येऊ लागली, तर त्याच्या बायकोने त्याचं नाक इतकं जोरात दाबलं की ते मांडवापर्यंत लाल राहिलं. वर नऊ पोळी लटकत होती. एक लाट उठली, विरली. अण्णा बुंध्याशी उभे राहून शेवटचं माणूस जाईपर्यंत डोळ्यांनी मोजत होते.

वळणापलीकडे, शाळेच्या भिंतीआड पोचल्यावर मंगळ्याने मान डोलावली आणि गेणबाने दाबून ठेवलेला सगळा श्वास क्लॅरिनेटमध्ये सोडला. माणसं इतकी मोकळी होऊन नाचली की मुहूर्त पाच मिनिटांनी टळला. मांडवात कैलासरावांनी पहिला मानाचा फेटा मंगळ्याला बांधला. बाकीचे आठ बँडवाल्यांना दिले. ज्यांच्यासाठी आणले होते त्यांना डोकीच फार होती, असं ते प्रत्येक पाहुण्याला नव्याने सांगत होते.

जेवणं झाली, उन्हं कलली, आणि पाठवणीची वेळ झाली. गाड्या सगळ्या मारुतीपाशी होत्या, म्हणजे पुन्हा सावरीखालून जायचं होतं. शाळेच्या भिंतीपर्यंत बँड वाजला. मग गेणबाने हात वर केला आणि सगळं थांबलं.

तेव्हा अण्णांच्या लक्षात आलं. वाडीतल्या प्रत्येक पाठवणीला बँड फुटेस्तोवर वाजतो तो काही उगीच नाही. त्या कल्लोळात बायका रडतात ते दिसतं आणि बाप्ये रडतात ते ऐकू येत नाही. भाचीच्या पाठवणीला ते स्वतः ढोलाच्या अगदी जवळ उभे राहिले होते. आज लेकीच्या वेळेला त्यांनी तेच मनात धरलं होतं, आणि आज ढोल गप्प होता.

दीपाली त्यांचा हात धरून चालत होती. तिच्या हिरव्या चुड्यावर तिने रुमाल बांधला होता. अण्णांनी दात आवळले, आवंढा गिळला, दुसरा गिळला. सावरीच्या बुंध्याशी तिसरा गिळता आला नाही. छातीतून एक हुंदका निघाला, चांगला मोठा, आणि त्या शांततेत तो अडीचशे माणसांनी ऐकला. मग दुसरा आला. कैलासराव पुढे चालत होते, ते मागे न बघता चष्मा पुसू लागले.

दीपालीने वर पाहिलं. पोळ्यावर लाट गेली. ती बापाच्या कानाशी वाकली, सुजलेल्या नव्हे, दुसऱ्या.

"अण्णा, हळू," ती गावच्याच बोलीत म्हणाली. "उठत्याल त्या."

"उटू दे," अण्णा म्हणाले, आणि रडत रडत तिला सावरीखालून घेऊन गेले.